गुरुजींच्या पाठीवरची बाई

धुतल्यावर चित्रात एक बाई निघाली. दाढीवाला म्हातारा चार पायांवर रांगतोय आणि ती त्याच्या पाठीवर ऐटीत बसलीय, एका हातात लगाम, दुसऱ्यात चाबूक. मी ट्रेसमोर उभीच राहिले.

अमरावतीला मी जुने कागद दुरुस्त करते. हे चित्र अकोल्याच्या एका कॉलेजच्या लायब्ररीत सापडलेलं, युरोपातलं, काही शतकं जुनं एन्ग्रेव्हिंग. म्हणजे तांब्याच्या पत्र्यावर चित्र कोरायचं, रेघांत शाई भरायची आणि कागद दाबून छाप घ्यायचा. शाई तेलाची, म्हणून तपासून असा कागद पाण्यात धुता येतो. आलं तेव्हा वरच्या भागावर काळपट थर होता. दिसत होता तो फक्त म्हाताऱ्याचा चेहरा, तोही पुसट. खालच्या नावावरून तो एका राजाचा गुरू एवढं कळलेलं. तेवढ्यावर प्राचार्यांनी स्वतःच्या निरोप समारंभाच्या पत्रिका छापल्या: महान गुरुवर्यांच्या दुर्मिळ चित्राचे अनावरण, प्राचार्यांच्या सौभाग्यवतींच्या शुभहस्ते.

मी प्राचार्यांना फोन केला. सर लगेच आले.

"हे काय होय, मॅडम?"

मी गोष्ट सांगितली. गुरूनं तरुण राजाला बजावलं, बायकांच्या नादी लागू नको. राजाच्या प्रेयसीला राग आला. तिनं गुरूलाच भुलवलं आणि घोडा करून बागेत फिरवलं. शहाण्यानंही सावध राहावं, म्हणून पाद्री ही गोष्ट प्रवचनात सांगायचे.

सर ट्रेवर वाकले. "जन्मभर पोरायले मी बी हेच सांगत आलो. आता याच्यावरचा पडदा बायकोच्या हातानं काढू?"

"पत्रिका बदला."

"वाटून झाल्या. व्याह्यायले बी गेल्या." मग हळूच, "बाईले कापता येते का?"

"नाही."

"मंग खोडता?"

"सर, ही बाई तुमच्या कॉलेजहून जुनी आहे. ती कुठंही जाणार नाही."

पण मला त्यांची दया आली. फ्रेमच्या आत जाड पुठ्ठ्याची चौकट असते, तिला माउंट म्हणतात. मी तिची खिडकी लहान कापली. आता नुसता चेहरा दिसायचा. चित्राला धक्का नाही, सरांची अब्रू शाबूत. लगाम मात्र थेट तोंडातून निघत होता. त्याला इलाज नव्हता.

"दाढीत जाते," सर म्हणाले. "कोन पाहाते?"

समारंभात पडदा सरकला. टाळ्या झाल्या. सरांच्या मिसेसनी हार घातला, काचेला कुंकू लावलं. मग चष्मा सावरत जवळ गेल्या.

"अवो, यायच्या तोंडात लगाम काहून हाय?"

माइक चालू होता. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी पंख्याकडे.

"मॅडम, तुमी सांगा," मिसेस माझ्याकडे वळल्या.

खोटं बोलवेना. "पुठ्ठ्यामागे एक बाई आहे," मी म्हटलं.

"मंग तिले कोंडलं काहून? काढा."

फ्रेम उलटी करून मी चित्र बाहेर काढलं, वर धरलं आणि गोष्ट पुन्हा सांगितली. मिसेसनी चित्र वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि माइक जवळ ओढला.

"लगाम तं मी बी धरून हाय. पन आमचे हे इतके गुमान कधी चालले नाईत."

आधी सरच हसले, मग सगळा हॉल. चित्र आता लायब्ररीत पूर्ण लावलंय.

हल्ली असं काम आलं की मी साहेबांना विचारत नाही. आधी त्यांच्या घरी मिसेसना फोन करते.