मालोजीचा गोरा पाय

तुडीलचा मालोजी तव्याच्या बुडासारखा काळा, पण ऐट कसली! मिशीला तेल लावल्याशिवाय गडी दारात उभा राहायचा नाही. आंबेनळी घाटात टेम्पो उलटला आणि त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला. पुढं महाडच्या शिबिरात नवा पाय मिळाला. चालायला झकास, पण रंगानं गोरापान! तेव्हापासून मालोजीनं लेंगा काही घोट्याच्या वर चढू दिला नाही. शेतात चिखल असो की मांडवात पंगत, पाय आपला झाकलेला.

शिमगा आला. देवीच्या पालखीला पुढचा खांदा मालोजीच्या घराचा. अपघातापासून तो मान पुतण्या यशराज सांभाळत होता. यंदा मालोजी म्हणाला, "खांदा मीच देणार." वजनाची त्याला भीती नव्हती. भीती होती ती दारोदारच्या तांब्याची. पालखी दारात आली की घरची बाई खांदा देणाऱ्यांचे पाय धुते, आणि धुवायचे तर ते उघडे हवेत ना!

त्यानं गुपचूप गुडघ्यापर्यंतचे काळे मोजे आणले. बायकोनं, तुळजाबाईनं, ते बघून कपाळाला हात लावला.

"अवो, मोजं घालून देवी उचलणार? सायेब झालाव काय?"

"मग काय करू? गाव हसंल."

"हसू द्या की. मी रोज बघतंय, मला नाय कदी हसू आलं."

शेवटी मोजे घरीच टाकून, धोतर वर खोचून मालोजी निघाला. पहिलंच दार म्हाताऱ्या बयाबाईचं. ती वाकली, पाणी ओतलं, नि हात फिरवता फिरवता थांबली. ढोलही थांबला.

"माल्या, ह्यो येवडा गोरा कसा रं?"

"शिबिरात दिला, आजे."

"मग दुसरा बी बदलून घ्यायचास की, मुडद्या! जोडी तरी जमली असती."

सारं अंगण हसलं. गंमत बघा, सगळ्यांत मोठ्यानं हसला तो मालोजीच. पालखी अशी हलली, की मागच्या खांद्यावरून सयाजी ओरडला, "आरं, हळू हस! देवी पडल!"

पुढचं दार आनंदीबाईचं. ती बिचारी संकोची. तिनं मालोजीचा उजवा पाय धुतला, कुंकू लावलं, आणि डाव्याकडं न बघताच पुढच्या गड्याकडं वळली. मालोजीनं डावा पाय पुढं सरकवला.

"वयनी, ह्यो बी चालतच आलाय."

आनंदीबाईनं अख्खा तांब्या त्या गोऱ्या पायावर ओतला.