केसाएवढी तार

राजलक्ष्मीबाई ढमढेरे गेली बावीस वर्षं ग्वाल्हेरच्या एका प्रयोगशाळेत नखाएवढ्या अर्धवाहक चकत्यांना केसाहून बारीक सोन्याच्या तारा जोडताहेत. हात तयार झाला तो तिथल्याच टोपी बाजारात, वडिलांच्या दुकानी पगड्यांवर जरतार लावताना. त्यामुळे जोडकामाला कुणी नावं ठेवली की त्यांचं डोकंच फिरतं.

परवा अतिथंड भांड्यात चकती होती, चुंबकाचा जोर वाढत होता आणि पडद्यावरची चकतीतल्या विद्युतदाबाची रेघ चढत होती. अचानक ती सपाट झाली. संशोधन करणारी अवंतिका वैतागली. "मावशी, तार निकल गई! बाहेर काढते, पुन्हा जोडा."

"माझी तार? खबरदार हात लावलास तर! आधी परत मोज."

अवंतिकानं चुंबकाचा जोर उतरवला, पुन्हा चढवला. रेघ नेमकी तिथेच सपाट झाली आणि तिच्याखालची, रोधाची रेघ त्याच जागी थेट शून्याला टेकली. अवंतिकानं घाईघाईनं आकडा मांडला आणि ती किंचाळलीच, "एक तृतीयांश! मावशी, इलेक्ट्रॉन मिळून असे वागतायत, जणू एकेकाच्या विद्युतभाराचे तीन वाटे झालेत! दो साल से यही ढूँढ रही थी मैं!"

राजलक्ष्मीबाई पडद्याजवळ सरकल्या. अवंतिकानं वही उघडली. "पहिलं काय लिहू?"

"लिही, तार निघालेली नाही."