मंगल रिटायर झाली आणि शहर शहाणं झालं

उस्मानपुऱ्यात माझं झेरॉक्स आणि स्टेशनरीचं दुकान आहे. लोक घाईत येतात, झेरॉक्स काढतात आणि ओरिजिनल मशीनमध्येच विसरून जातात. मी ते ड्रॉवरमध्ये टाकून ठेवते. किश्शांचंही तसंच होतं. लोक काउंटरवर टेकून काहीतरी बोलतात, निघून जातात, आणि ओरिजिनल माझ्याकडे राहतं. सध्या ड्रॉवर बंद होत नाहीये, कारण आमची मंगल रिटायर झाली आहे आणि तिचं मूल्यमापन करायला सगळं शहर माझ्या काउंटरवर येतंय.

मंगल करमाडची. वडील जालना रोडवर वडाप जीप चालवायचे. पहाटेच्या पहिल्या फेरीला पोरीला पुढच्या सीटवर बसवून आणायचे आणि आमच्या क्लबच्या गेटवर उतरवायचे. तिथून ती दोनदा टेनिसची राष्ट्रीय विजेती झाली. सुरुवातीच्या दिवसांत मी तिची डबल्सची पार्टनर होते. म्हणजे मी जागा अडवायचे आणि ती खेळायची.

आता ती त्याच कोर्टवर पोरींना शिकवते. क्लबचं हे शेवटचं कोर्ट. एकाचं पार्किंग झालं, दुसऱ्याचं लग्नाचं लॉन. उरलेल्यावर आमचे सेक्रेटरी बापूसाहेब यांना बॉक्स क्रिकेटचं टर्फ करायचंय. चारी बाजूंनी जाळी, वर जाळी, खाली प्लास्टिकचं गवत. निवृत्तीच्या वेळी मंगलनं क्लबकडे एकच गोष्ट मागितली होती. "बापूसाहेब, कोर्ट राहू द्या. पोरी कुठं जातील?" बापूसाहेब म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू'चा अर्थ लहान पोरालाही कळतो.

* * *

पहिला आला तो पत्रकार. नवा मुलगा होता, चेहऱ्यावरून हुशार वाटला. म्हणाला, "काकू, तुम्ही त्यांच्या पार्टनर ना? मॅडमच्या कारकिर्दीचा आढावा घ्यायचाय. ग्रँडस्लॅम किती?"

मी म्हटलं, "एकही नाही."

"ऑलिम्पिक?"

"नाही."

त्यानं पेन खाली ठेवलं. "मग चॅम्पियन कशा काय?"

मी त्याला बसवलं, चहा पाजला. घासून गुळगुळीत झालेल्या चेंडूंवर सराव करून ही पोरगी नव्या कोऱ्या चेंडूंनी खेळणाऱ्यांना कशी हरवायची, ते सांगितलं. नवा चेंडू जास्त उसळतो, त्याचा अंदाज तिला स्पर्धेतच पहिल्यांदा यायचा, तोवर एक सेट गेलेला असायचा, आणि मग ती उरलेले दोन घ्यायची. तो मान हलवत होता. सगळं लिहून घेतलं त्यानं.

दुसऱ्या दिवशी हेडिंग होतं: 'ग्रँडस्लॅमविना निवृत्ती'. मी तो पेपर मंगलला दाखवला नाही. तिनं तो आधीच वाचला होता. म्हणाली, "खोटं काय लिवलंय ताई त्यात? आपल्या गल्लीतले समदेच ग्रँडस्लॅमविना रिटायर झालेत."

* * *

कन्नडच्या एका शाळेचा किस्सा जुना आहे, पण आता पुन्हा फिरायला लागलाय. मंगल पहिल्यांदा जिंकली तेव्हा त्या शाळेनं तिला क्रीडा महोत्सवाच्या उद्‌घाटनाला बोलावलं. मीही सोबत गेले होते. फेटा बांधला, लेझीम झालं, भाषणं झाली. मग मुख्याध्यापक म्हणाले, "आता मॅडम आपल्याला खेळून दाखवतील." आणि पडदा बाजूला झाला. स्टेजवर टेबल टेनिसचं टेबल!

मंगलनं माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. समोर सातशे-आठशे पोरं बसलेली, लांबून एसटीनं, जीपनं आलेली. तिला 'हा माझा खेळ नाही' म्हणवेना. तिनं ती छोटी रबरी बॅट हातात घेतली. पलीकडून मुख्याध्यापक स्वतः उतरले. ते कॉलेजात टेबल टेनिसचे कॅप्टन होते, हे कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी तिला धू धू धुतलं.

परवा ते रिटायर्ड मुख्याध्यापक पेन्शनच्या कागदांच्या झेरॉक्स काढायला आले. भिंतीवरचा मंगलचा फोटो बघितला आणि शेजारच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "चांगली खेळायची. पण प्रेशरमधी ढासळायची. मी सोता हरवलंय तिला."

मी त्यांच्या झेरॉक्स फिक्या काढून दिल्या. दुसरं काय करणार?

* * *

बायकांचं मूल्यमापन वेगळं असतं. 'एवढं खेळून मिळालं काय, धड लग्नही नाही,' इथून ते सुरू होतं आणि तिथंच संपतं.

लग्नाची गोष्ट मला माहीत आहे, कारण बघायला आले तेव्हा पोहे मी केले होते. टेनिस खेळणाऱ्याचा खेळायचा हात दुसऱ्या हातापेक्षा जाड होतो. मंगलचा उजवा हात असा, की शहागंजातला बांगडीवाला तिला दोन मापांच्या बांगड्या काढून द्यायचा. शिंपी दोन्ही बाह्यांचं माप वेगळं घ्यायचा. आम्हाला त्याचं काही वाटायचं नाही.

मुलाच्या आत्याला वाटलं. चहाचा कप घेता घेता तिनं मंगलचा उजवा हात धरला, मग डावा धरला, आणि मंगलच्या आईला विचारलं, "हे असं कशानं झालं वो? काही दुखणं-बिखणं हाय का?"

आई बिचारी गोरीमोरी झाली. मंगलच म्हणाली, "खेळून झालंय."

आत्यानं विचार केला. "मंग खेळणं सोडलं की व्हईल का सारखा?"

"डावा बी तेवढाच करून देते," मंगल म्हणाली, "मंग तर सारखे व्हतील ना?"

पाहुणे पोहे अर्धे ठेवून गेले. मला आजही राग येतो तो नकाराचा नाही. त्या हातानं राज्याला पदक आणलं होतं, आणि तो हात त्या बाईनं भाजी बघावी तसा उलटापालटा करून बघितला.

* * *

आता आमच्याच कट्ट्यावर येते. सकाळी खेळून झालं की कोर्टाबाहेर आमची चहाची बैठक असते. त्यात जोशीकाका, पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आणि खानसर, पोरांना गणित शिकवून निवृत्त. जोशीकाका टीव्हीवर टेनिस बघतात, त्यामुळे त्यांना सगळं कळतं.

त्या दिवशी ते बशीत चहा ओतून मंगलची कारकीर्द तपासत होते. "टॅलेंट होतं, नाही असं नाही. पण बॅकहँड कच्चा. शिवाय परदेशात काय केलं? एकदा गेली, पहिल्याच फेरीत हरली, परत आली. तिथं खरी परीक्षा असते."

माझा कप हातातच राहिला. ती एकदा परदेशात गेली तेव्हा वडिलांनी जीप विकली होती. विमानातून उतरल्यावर दुसऱ्याच दिवशी मॅच, सोबत कोच नाही, कुणीच नाही. हरली तेव्हा तिच्याशी बोलायलाही कुणी नव्हतं. परत आली तर तिचे वडील दुसऱ्याच्या जीपवर ड्रायव्हर म्हणून लागले होते. करमाडच्या त्याच फेरीवर, त्याच प्रवाशांना घेऊन. पुढं किती तरी वर्षं मंगल त्या रस्त्यानं जाताना जीपकडे बघायची नाही. आणि हे काका म्हणतात, परीक्षा!

मी हे सगळं बोलणार होते. बोलले ते खानसर. फार हळू बोलतात ते.

"जोशी साब, बॅकहँड की बात बाद में करेंगे. पैले आप अपनी सर्व्हिस नेट के पार डालो. दो साल से हम उधर खडे होके इंतजार कररे."

जोशीकाका तीन दिवस कट्ट्यावर आले नाहीत. चौथ्या दिवशी आले आणि मुकाट्यानं सर्व्हिसचा सराव करायला लागले.

* * *

मग क्लबनं सत्कार ठरवला. सत्कार कुठं, तर कोर्टवरच. 'जिथं घडली तिथंच गौरव,' असं बापूसाहेब म्हणाले. ऐकायला बरं वाटलं.

मी दुपारी गेले तर मांडववाले पहारीनं कोर्टमध्ये खड्डे खणत होते. सर्व्हिस लाइनवर एक, बेसलाइनवर दोन, असे खांब रोवत चालले होते. मंगल स्वतः रोज पाणी मारून, रोलर फिरवून ज्या मातीला जपते, ती माती ढिगानं बाजूला काढलेली. मी ओरडले तर पोरगा म्हणाला, "काकू, मॅडमचाच प्रोग्राम हाय ना? त्यांच्यासाठीच चाललंय समदं."

संध्याकाळी मंगल आली. खांब बघितले, खड्डे बघितले. चप्पल काढून कोर्टवर आली आणि पहिल्या रांगेत बसली. खुर्च्यांवरचे पाहुणे बूट घालून आले होते.

भाषणं झाली. 'शहराची शान', 'मराठवाड्याची वाघीण', 'मोठा वारसा'. एका वक्त्यानं तिला बॅडमिंटनपटू म्हटलं, मागून कुणीतरी सुधारलं, मग त्यानं 'दोन्ही खेळांत प्रावीण्य' म्हणून वेळ मारून नेली. शेवटी बापूसाहेब माइकवर आले. घसा साफ केला आणि म्हणाले की मंगलताईंचा वारसा कायम राहावा म्हणून क्लबनं एक निर्णय घेतलाय. या जागेवर अत्याधुनिक बॉक्स क्रिकेट टर्फ होणार आणि त्याला मंगलताईंचं नाव देणार!

टाळ्या वाजल्या. तिच्याच कोर्टच्या मढ्यावर तिच्याच नावाची पाटी, आणि वर हारतुरे. मागं तिच्या पोरी ओळीनं बसल्या होत्या. त्यांनाही कळलं होतं, कारण एकही टाळी वाजवत नव्हती.

मंगलला बोलायला उठवलं. तिनं माइक हातात घेतला.

"माझं नाव नको बापूसाहेब," ती म्हणाली. "नेट ठेवा."

एवढंच बोलून खाली बसली. बापूसाहेबांनी लगेच माइक घेतला आणि म्हणाले, "बघा, याला म्हणतात विनम्रता." पुन्हा टाळ्या. माझ्या आयुष्यात टाळ्यांचा इतका राग मला कधी आला नव्हता.

* * *

आता शेवटचा किस्सा, या सोमवारचा.

ठेकेदाराचा माणूस सकाळी टेम्पो घेऊन आला, सोबत बापूसाहेब. नेट काढायचं, नेटचे खांब उपटायचे, असं काम होतं. तेव्हा कोर्टवर मंगल आणि मी खेळत होतो. सत्काराचे खड्डे पोरींनी आणि तिनं मिळून रविवारीच बुजवले होते. खानसर पंचांच्या गंजलेल्या उंच खुर्चीवर बसले होते.

ठेकेदाराचा माणूस आत शिरायला लागला तसे स्वतः बापूसाहेबच ओरडले, "थांबा! चालू गेममध्ये कोर्टवर पाय ठेवायचा नाही." हा आमच्या क्लबचा सगळ्यात जुना नियम, आणि बापूसाहेबांचा सगळ्यात लाडका. या नियमावरून त्यांनी एका आमदाराच्या भाच्याला गेटबाहेर काढलेलं आहे. तो माणूस थांबला. "कितीवर हाय?"

"ड्यूस," खानसर म्हणाले.

ड्यूस म्हणजे दोघांचे गुण बरोबरीत, चाळीस-चाळीस. तिथून गेम जिंकायचा तर लागोपाठ दोन गुण घ्यावे लागतात. एक घेतला आणि पुढचा गमावला की परत ड्यूस.

मंगलनं पुढचा गुण घेतला. त्याच्या पुढचा चेंडू तिनं बाहेर मारला. मी बघतच राहिले. जन्मात तिनं मुद्दाम चेंडू बाहेर मारलेला नव्हता. "ड्यूस," खानसर म्हणाले. मग तिनं मला एक गुण दिला, मग स्वतः घेतला. "ड्यूस."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एरवी तिच्याविरुद्ध मला गुण मिळवणं अशक्य. माझ्या रॅकेटवर येईल असा चेंडू देऊन मला जिंकवणं, हे तिच्या कारकिर्दीतलं सगळ्यात अवघड काम असेल. पण तिनं ते केलं. ऊन वर आलं. ठेकेदाराचा माणूस सावलीला बसला. जोशीकाका कुणी न सांगता चेंडू उचलून द्यायला लागले. बापूसाहेब घड्याळ बघत फेऱ्या मारत होते आणि नियम मोडवत नव्हता.

दुपारी माझे गुडघे बोलायला लागले. तेवढ्यात शाळा सुटून पोरी आल्या. दप्तरं कुंपणाच्या जाळीला टेकवली, काय चाललंय ते बघितलं. मी रॅकेट निकिताच्या हातात दिली. मंगलनं तिची आरतीला दिली.

"मधेच खेळाडू बदलता येत नाही!" बापूसाहेब म्हणाले.

"अंपायर कू मंजूर है," खानसर वरून म्हणाले.

शेवटी ठेकेदाराचा माणूस उठला. वैतागला होता, पण बोलला अदबीनं. "मॅडम, ही गेम संपती तरी कवा?"

मंगल टॉवेलनं तोंड पुसत बाकावर बसली होती. "मी तर रिटायर झाले दादा," ती म्हणाली. "आता पोरींनाच इचारा."

तो जाळीजवळ गेला. निकिताला अॅडव्हांटेज होता, म्हणजे फक्त एक गुण हवा होता. समोरून आरतीचा चेंडू अगदी सोपा, खांद्याच्या उंचीवर आला. निकितानं त्या माणसाकडे एकदा बघितलं, रॅकेट मागं नेली आणि तो चेंडू कुंपणाच्या जाळीवरून पार पलीकडे, रस्त्यावर मारला.

"ड्यूस," खानसर म्हणाले.