डोंगर कोणी चढला

वाशीमच्या वेशीबाहेर गोजराबाईचा भाजीचा मळा होता. नवरा लवकर गेला, मागं एकुलता शालिकराम. पोरगा हुशार निघाला, अकोल्याला राहून मॅट्रिक झाला. ते स्वदेशीचे दिवस. वऱ्हाडातल्या एका मंडळानं दोन मुलांना काचकाम शिकायला जपानला पाठवायचं ठरवलं. त्यात एक शालिकराम आणि दुसरा किन्हीराजा गावच्या बड्या शेतकऱ्याचा, दौलतसिंगाचा मुलगा उदयसिंग.

ओसाका शहरात दोघं एका खोलीत राहत. उदयसिंगाला ना तिथली थंडी मानवली, ना बिनतिखटाचं जेवण. सुट्टीच्या दिवशी तो रजई ओढून पडून राही. शालिकराम मात्र उजाडताच बाहेर पडे. नारा गावी माणसापुढं मान लववून खाऊ मागणारी हरणं त्यानं पाहिली. तिथल्या देवळातली बुद्धाची मूर्ती एवढी थोरली, की तिच्या तळहातावर बैल बसला असता. संध्याकाळी परतला की तो सगळं उदयसिंगाला सांगे. उदयसिंग उठून बसे आणि खोदून खोदून विचारी. इतकं मन लावून ऐकणारा माणूस शालिकरामाला पुढं कधी भेटला नाही.

उन्हाळ्यात शालिकराम फुजीचा डोंगर चढला. गवताच्या चपला वाटेत फाटत, लोक नव्या बांधून पुढं चालत. त्याच्यासोबत एक म्हातारी यात्रेकरू होती. चढ अवघड आला की ती त्याच्या सदऱ्याचं टोक धरी. शिखरावर पोचले तेव्हा ढग पायाखाली होते आणि सूर्य त्यातून वर येत होता. म्हातारीनं हात जोडले. तिचे ते सुरकुतलेले हात पाहून शालिकरामाला माय आठवली आणि तो तिथंच बसून रडला. खोलीवर आल्यावर हेही त्यानं उदयसिंगाला सांगितलं. दुसऱ्या कोणाला सांगितलं नसतं.

त्या हिवाळ्यात उदयसिंग शिक्षण सोडून गावी परतला. शालिकराम पुरं शिकून दीडेक वर्षानं आला.

मायनं भाकर आणि वांग्याची भाजी वाढली आणि समोर बसली. चार घास खाऊन तो म्हणाला, "माय, तिकडे एक डोंगर हाये. ढगाच्या वर जाते तो."

"माहीत हाये मले," गोजराबाई म्हणाली. "गवताच्या चपला घालून चढतेत ना? उदयसिंगानं सांगतलं. बालाजीच्या देवळापुढे मोठी सभा भरली होती, मी गेलती ऐकाले."

"उदयसिंगानं?"

"हो बाप्पा. वर गेल्यावर त्याले त्याची माय आठवली म्हणे, रडला तिथं. त्याची माय माह्याच बाजूले बसली होती. सगळ्या बाया तिच्या पाया पडल्या. मी बी पडली." मग आवाज खाली करून तिनं विचारलं, "तुह्ये पाय दुखले होते का रे? तू खालीच बसला म्हणे."

शालिकरामाच्या हातातला घास हातातच राहिला. "माय, तो डोंगर मी चढलो. मीच रडलो तिथं. तो खोलीतून हालला नाई."

गोजराबाईनं त्याच्याकडं बघितलं. तिला खरं वाटलं की नाही, कळेना. "असन," ती म्हणाली. "पण किती गोड सांगतलं बाप्पा त्यानं. जेव तू."

दुसऱ्या दिवशी तो किन्हीराजाला गेला. उदयसिंगानं त्याला मिठी मारली, बैठकीत बसवलं, चहा मागवला. शालिकरामानं सरळ विचारलं. उदयसिंग जराही गडबडला नाही.

"मंग काय सांगू लोकायले? रजईत झोपून राह्यलो म्हणू?"

"सांगतलं तं सांगतलं. मले खाली कायले बसवलं?"

उदयसिंगानं चहासाठी आत पुन्हा हाक दिली. "दोघं वर गेलो म्हटलं असतं, तं तू आल्यावर लोकायनं तुलेच विचारलं असतं. तुले जास्त माहीत हाये."

चहा आला. शालिकराम कपाला हात न लावता उठला.

तो रस्त्यात दिसला की लोक हसून पाय दुखतात का विचारत. खरं सांगायला गेला तर म्हणत, याला उदयसिंगाचं नाव झालेलं बघवत नाही. दोन-तीनदा त्यानं सांगून पाहिलं, मग सोडून दिलं. पुढं मध्य प्रांतातल्या एका काचकारखान्यात त्याला नोकरी लागली. भट्टीबद्दल विचाराल तर तो तासभर बोले, जपानचं नाव काढलं की गप्प होई. डोंगर आठवायला डोळे मिटावेत, तर आता उदयसिंगाचा आवाजच आधी ऐकू येई, सभेतला, त्यानं स्वतः न ऐकलेला, माय ऐकत बसली होती तो.

लग्नानंतर बायकोनं, अंजनानं, एकदा हौसेनं विचारलं, "तुमी एवढे दूर गेलते, तं काय काय पाह्यलं तिकडे?"

"उदयसिंगाले विचार," तो म्हणाला.

थट्टा समजून अंजना हसली. शालिकरामानं खुंटीवरचा कोट घेतला आणि कामावर निघून गेला.