उडवीमागचा जबाब

तलाठी भाऊसाहेब टोपी काढून गुडघ्यावर ठेवायचे आणि म्हणायचे, "बोला. टोपी गुडघ्यावर तोवर मी पाहुणा. डोक्यावर गेली की सरकार."

तुमच्याही गावात असा एखादा होऊन गेला असेल. आमच्या खालापूरच्या बाजूला हे घाटावरून आलेले. उंच, किडकिडीत, सायकलवर बसले की गुडघे हँडलला लागायचे. ओढ्यात सायकल घातली तरी टोपी कोरडी.

मी मॅट्रिक झाले तेव्हा घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलेलं नव्हतं. बाबांनी स्पष्ट सांगितलं, "फी माफ झाली तर जा. नायतर भात लावायला हात हवेतच." माफीला बाबांच्या उत्पन्नाचा दाखला हवा, आणि दाखल्याआधी तलाठ्यासमोर बाबांचा जबाब.

भाऊसाहेब जबाबाला आले ते नेमके ताईला बघायला दहिवलीचे पाहुणे आले त्याच दिवशी. बाबा धुतलेला सदरा घालून नवऱ्या मुलाच्या बापाशेजारी ओटीवर बसलेले.

"वर्षाला उत्पन्न किती येतं, दादा?" भाऊसाहेबांनी विचारलं.

बाबांनी पाहुण्यांकडे बघितलं. "मोजायला सवड कुठं हाय, भाऊसाहेब? दोनी कणग्या भाताने भरल्यात."

"आमचंबी तसंच," पाहुणे म्हणाले. "भात ठेवायला घर पुरत नाय."

"आमी तर वाटून टाकतो!"

आत मी कपाळ धरलं. आई पुटपुटली, "देवा, यांचं तोंड आवर रं." देवाने ऐकलं, पण भलतंच. ओटीच्या कोपऱ्यातल्या कणगीतून आमची खुडूक कोंबडी फडफडत वर आली आणि काठावर बसून ओरडायला लागली.

भाऊसाहेब गंभीरपणे म्हणाले, "काय थाट आहे! कोंबडीसुद्धा भाताच्या राशीवर बसते." आणि लगेच, "हात धुवायचेत. परसदार कुठं?"

तांब्या घेऊन मी मागे गेले, म्हणून पुढचं ऐकायला मिळालं. पेंढ्याच्या उडवीआड भाऊसाहेबांनी बाबांना गाठलं होतं.

"दादा, पोरीची फी माफ व्हायला हवी की पाहुण्यांवर छाप पडायला हवी?"

बाबांनी मान खाली घातली. "दोनीबी, भाऊसाहेब."

भाऊसाहेब इतके हसले की टोपी पेंढ्यात पडली. ती झटकून हातात धरली आणि म्हणाले, "आता हळू बोला. खरं बोला." बाबांनी सांगितलं. एका कणगीत तळाला भात, दुसरीत कोंबडी. बाकी दुसऱ्याच्या खाचरात मजुरी. टोपी डोक्यावर गेली, जबाब लिहिला गेला, बाबांनी अंगठा उठवला.

तेवढ्यात उडवीच्या पलीकडून खोकला. नवऱ्या मुलाचा बाप!

"भाऊसाहेब, आमचा धाकलाबी औंदा कॉलेजात चाललाय. आमची फी माफ व्हईल का वो?"

बाबा उसळले. "आणि घर पुरत नाय तो भात?"

"तुमच्या कणगीत कोंबडी तरी हाय. आमच्यात तीबी नाय!"

दोघे बाप पेंढ्याला टेकून पोट धरून हसत होते. भाऊसाहेब म्हणाले, "दहिवली माझ्याकडे नाही. तिथल्या तलाठ्याकडे जा. पण तो भात तेवढा घरी ठेवून जा!"

ताईचं लग्न तिथल्या तिथे ठरलं. माझी फी माफ झाली आणि वह्या घेऊन मी कॉलेजात गेले. मान ताठ ठेवून गेले, ती अजून तशीच आहे.

बी.ए.चा निकाल लागला तशी पेढे घेऊन चावडीत धावले. खुर्चीत नवा तरुण तलाठी. भाऊसाहेबांची बदली झाली होती. महाडला की पोलादपूरला, कुणालाच धड ठाऊक नव्हतं.

"कसला दाखला?" त्याने मान वर न करता विचारलं. "नाव सांगा."

मी माझं नाव सांगितलं, बाबांचं सांगितलं, गावाचं सांगितलं. मग सावकाश म्हटलं, "बी.ए." त्याने तेही लिहिलं.

"हे कशाकरता?"

"भाऊसाहेब कुठे भेटले तर द्या."

त्याने वहीतून तेवढं चिठोरं फाडून खिशात ठेवलं आणि दुसऱ्या हाताने पेढा घेतला. ते पोचलं की नाही, मला आजतागायत कळलेलं नाही.