दाढेखालचा दाणा

पहिला संशय मी फ्रिजवर घेतला. दिवाळी नुकतीच झाली होती. लवकर येणाऱ्या हलक्या धानाची कापणी आटोपून बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत, पेंढ्या रचलेले पुंजणे उभे राहिले होते. दुपारी जेवून आडवा झालो की एक बारीक सूर ऐकू यायचा, कुणीतरी तार ताणून धरल्यासारखा. फ्रिज जुना, म्हणून मी त्याची पिन काढून टाकली. सूर तसाच. मग इन्व्हर्टर बंद केला, मग पंखा. बायको मिक्सर लावायला गेली की मी ओरडायचो. तिने मुकाट्याने पाटा-वरवंटा धुऊन घेतला. बंद फ्रिजमधलं दूध नासलं, तेव्हा तर मी तिलाच म्हणालो की तुझं घरात लक्ष नसतं.

हे लिहिताना मान खाली जाते. पण त्या दिवसांत मी असाच होतो.

एका संध्याकाळी सगळ्या गावाची लाईन गेली. पिठाची चक्की थांबली, शेजारचा टीव्ही थांबला. आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो. ती सुपात लाखोरीची डाळ निवडत होती. आणि तो सूर चालूच होता, उलट आता अधिकच स्पष्ट झाला होता.

"तुले आयकू येऊन राहिला का?" मी विचारलं.

"काय?"

"तो आवाज. सूं करून."

तिने सूप खाली ठेवलं, मान वाकडी करून ऐकलं. "लाईन गेली ना. कायचा आवाज?"

मग मला सांगावंच लागलं. आवाज घरात नाही, माझ्या उजव्या कानात आहे, आणि दिवाळीपासून आहे. 

"मंग माह्या फ्रिजले कायले फाशी देली?" ती म्हणाली. आणि मग, हळू आवाजात, "मले सांगाले काय झालं होतं?"

काय झालं होतं, ते मला माहीत होतं. मला भीती वाटत होती.

आमच्याकडे धान सुकलं की नाही, हे दाताने पाहतात. मूठभर धानातला एक दाणा उचलायचा आणि दाढेखाली धरून चावायचा. सुकलेला दाणा 'कट्' करून मोडतो. ओल असेल तर नुसता दबतो, चपटा होतो. तो 'कट्' बाहेरच्याला ऐकू जात नाही, जबड्याच्या हाडातून थेट कानात जातो. इटियाडोह धरणाच्या कालव्याखालच्या आमच्या गावात हे सगळ्यांनाच येतं, पण का कोण जाणे, लोकांचा भरवसा माझ्या दाढेवर. खरेदी केंद्रावर ओलावा मोजायचं यंत्र असतं, पण तिथवर धान न्यायला ट्रॅक्टर लागतो, आणि यंत्राने नाही म्हटलं तर भरलेली पोती परत आणून पुन्हा ताडपत्रीवर पसरावी लागतात. म्हणून आधी माझ्याकडे येतात. "भाऊ, जरा पाहून दे." मी चावतो आणि हो किंवा नाही सांगतो. मी फार शिकलेला नाही, पुढारी नाही, भजनात माझा गळा लागत नाही. गावात माझी ओळख काय ती एवढीच.

आणि आता त्या 'कट्'च्या आडून तो सूर येत होता. एका दाण्यावर खात्री होईना. मग दुसरा, मग तिसरा. कधी एकेकाच्या धानातले मूठभर दाणे चावायचो. कान गेला तर मी कुणाच्या काय कामाचा, या विचारात दाढा आवळून बसायचो, आणि संध्याकाळपर्यंत कानशील दुखायला लागायचं. ते दुखणं आणि तो सूर यांचा एकमेकांशी काही संबंध असेल, हे तेव्हा डोक्यातही आलं नाही.

डॉक्टरकडे जायला मी नको म्हणत होतो, पण बायकोने ऐकलं नाही. धान चुरणं, म्हणजे मळणी, अर्धवट टाकून आम्ही सकाळच्या गाडीने गोंदियाला गेलो. गाडीत बसल्या बसल्या मी माझे गुन्हे शोधत होतो. मला काही झालं की मी आधी तेच करतो. गणपतीत डीजेच्या अगदी पुढ्यात उभा होतो. मळणी यंत्राजवळ कानाला कधी फडकं बांधलं नाही. बायकोला उगाच बोललो. शेवटच्या गुन्ह्याचा कानाशी संबंध नव्हता, पण यादीत तोच वर येत होता.

कानाच्या डॉक्टरांनी एका बंद खोलीत बसवून तपासलं. ऐकणं वयाच्या मानाने ठीक आहे, म्हणाले. मग त्यांनी एक विचित्र गोष्ट करायला सांगितली. "खालचा जबडा पुढे काढा. आता आवाज?"

आवाज चढला होता. जबडा मागे घेतला तसा तो उतरला. मी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा तेच.

"कधी कधी जबड्याच्या सांध्यामुळे असं होतं," ते म्हणाले. "तुमचं तेच असेल असं मी आज छातीवर हात ठेवून सांगणार नाही. पण दातांच्या डॉक्टरला दाखवा. आणि अगदी शांततेत बसू नका. शांततेत हा जास्त छळतो. घरात थोडा काही तरी आवाज असू द्या."

बायकोने माझ्याकडे पाहिलं. मला फ्रिज आठवला.

दातांची डॉक्टर तरुण होती, गोंदियाचीच, हिंदीत बोलणारी. तिने तोंडात आरसा घातला. "चाचाजी, खर्रा खाते हैं?"

"नाही," मी जरा ताठ होऊन म्हणालो. धाकट्या भावाला मी वर्षानुवर्षं त्या तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यावरून बोलत आलो आहे.

"सुपारी?"

"नाही."

"तो ये दाहिनी दाढ़ इतनी घिसी हुई क्यों है? कुछ तो चबाते हैं आप."

 मागून बायको म्हणाली, "धान चावते ना ते. पूरा गाव का."

डॉक्टरने आरसा बाहेर काढला आणि हसली. "मेरे मामा की राइस मिल है. उनकी भी दाढ़ ऐसी ही है." मग तिने माझ्या कानापुढे, सांध्यावर बोट दाबलं. मी कळवळलो. सूर एकदम उंच गेला. "एक-दो दाने से इतना नहीं होता. आप दिनभर दांत भींचते हैं क्या?"

नाही म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा कळलं की आत्तापर्यंत दाढा आवळूनच बसलो होतो.

खरं सांगतो, मला बरं वाटलं. रोग मोठा की छोटा, ते ठाऊक नव्हतं. पण निदान माझी चूक सापडली होती, आणि ती सुधारता येण्यासारखी होती. डॉक्टरने मात्र आशेला तिथेच लगाम घातला. आवाज कमी होईल, कदाचित पूर्ण जाणार नाही, वेळ लागेल. झोपताना दातांवर बसवायची एक पट्टी तिने करून दिली. गरम शेक, मऊ जेवण, कडक काही नाही. आणि दिवसभर एकच गोष्ट सांभाळायची: ओठ मिटलेले, पण दातांवर दात नाहीत. "और धान? बिल्कुल बंद."

घरी आलो तेव्हा भाऊ अंगणात हातावर खर्ऱ्याची प्लास्टिकची पन्नी घोटत बसला होता. सगळं ऐकून तो हसून लोळायचाच बाकी राहिला.

"वा रे दादा! मी खर्रा खाऊन ठनठनीत, अन् तू निर्व्यसनी मानूस धान खाऊन बसला!"

 बोलायला तोंड कुठे होतं? पण पुढच्या वेळी गोंदियाला जाताना त्यालाही सोबत नेलं. त्याचं तोंड उघडून बघितल्यावर डॉक्टर त्याला काय म्हणाली, ते तो कुणाला सांगत नाही. पन्नी मात्र आता दिवसातून एकदाच निघते.

हिवाळा मऊ भातावर काढला. फ्रिज पुन्हा लावला, आणि त्याची घरघर मला आवडू लागली. तिच्यात माझा सूर थोडा बुडायचा. बायकोने एक नवं काम अंगावर घेतलं. मी कुठेही दाढा आवळलेला दिसलो की ती ओरडायची, "दात!" बांधीत, रस्त्यावर, एकदा तर लग्नाच्या पंगतीत. वाढपी दचकला. मी जबडा सैल सोडायचो, आणि आजूबाजूचे लोक आम्हा दोघांकडे बघत राहायचे.

सर्दी झाली की सूर वर यायचा, मी घाबरायचो, आणि पुन्हा दाढा आवळायचो. मग "दात!" माघ संपेपर्यंत कानशील दुखायचं थांबलं. सूर कमी होत गेला. काही सकाळी तर चहा होईपर्यंत तो आहे हेही लक्षात यायचं नाही. पण धान कानाला कळेल की नाही, ते मी पाहिलं नव्हतं. पाहायचं धाडस होत नव्हतं.

मे महिन्यात उन्हाळी धान निघालं. पहिल्याच दुपारी शेजारचा शेतकरी मूठ भरून धान घेऊन अंगणात आला. "भाऊ, पाहून दे. ट्रॅक्टरवाला थांबून राहिला."

"माहं बंद आहे आता," मी म्हणालो. "डॉक्टरनं सांगतलं."

तो मूठ तशीच धरून उभा राहिला. "मंग आमी कोनाकडं जावं?"

हा प्रश्न मी स्वतःला कितीदा विचारला होता. त्याच्या तोंडून तो ऐकवला नाही. मी आत निघालो होतो, तोच बायको बाहेर आली. तिच्या हातात सरोता होता, पाहुण्यांच्या पानासाठी सुपारी कातरायचा, पितळेच्या मुठीचा.

"दाढेनं कायले? हा आहे ना," ती म्हणाली. तिने त्याच्या मुठीतला एक दाणा उचलला, सरोत्याच्या पात्यात धरला आणि माझ्या उजव्या कानाजवळ आणला. "आयका."

तिने सरोत्याची मूठ दाबली.

आयुष्यभर तो आवाज मी आतून ऐकला होता. बाहेरून तो किती लहान असतो! पण होता. सूर त्याच्या मागे कुठेतरी होता, आणि त्याच्या पुढे, स्पष्ट, दाणा मोडला होता. मोडला, पण पूर्ण नाही. टोकाला जरा दबला होता.

"अजून एक," मी म्हणालो. तिने दुसरा दाबला. तेच.

"आजचं ऊन दे अजून," मी शेजाऱ्याला सांगितलं. "उद्या ने."

त्याने सरोत्याकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं. "दाढ बदलली का भाऊ?"

"नवी केली," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो रिकामा ट्रॅक्टर घेऊन केंद्रावरून परतला आणि रस्त्यावरूनच हात हलवून गेला. त्याच्या मागोमाग दोघं-तिघं मुठी भरून अंगणात आले. मी खाटेवर कान पुढे करून बसलो, ती शेजारी सरोता घेऊन. तिने दाणा धरला. मी श्वास रोखला, डोळे मिटले, सगळा जीव कानात आणला.

"दात!" ती म्हणाली.

मी जबडा सैल सोडला, आणि मग तिने सरोता दाबला.