शंभरात चव्वेचाळीस

माणूस टाकाऊ ठरवायला लहूला फार वेळ लागत नसे. गिरणीच्या फोल्डिंग खात्यात त्यानं चौदा वर्षं कापड तपासलं होतं. उजेडासमोर ताणून धरायचं, भोक दिसलं की लाल पेन्सिलीनं गोल करायचा. मग विणणारा सख्खा मेव्हणा का असेना. संप झाला, गिरणी गेली, सवय तेवढी राहिली. आता तो माणसं तपासायचा.

पहिला गोल उत्तमवर. लालबागच्या एकाच चाळीत दोघं समोरासमोर राहायचे, खातंही एकच. संपाच्या आठव्या महिन्यात उत्तम संप मोडून, पोलिसांच्या गाडीत बसून गिरणीच्या आत कामावर गेला. तेव्हापासून एकोणीस वर्षं लहू त्याच्याशी बोलला नव्हता. त्याच्या घरचा गणपतीचा प्रसादही कधी हातात घेतला नाही. त्याच्या दारावरून जाताना घसा खाकरायचा आणि कठड्यावरून खाली थुंकायचा.

"पुरे की आता," बायको, शांती, म्हणायची. "तीन पोरी होत्या त्याच्या पदरात."

"पोरी मलाबी होत्या."

हे खरंच होतं. त्या जोरावरच त्याची मान ताठ होती, आणि ताठ राहावं असं दुसरं काही त्याच्यापाशी उरलंही नव्हतं.

पोटासाठी तो परळच्या एका संशोधन संस्थेत बाटल्या धुवायचा. एकोणनव्वद दिवस काम, दोन दिवस घरी, मग नवा कागद. माणूस कायम करावा लागू नये म्हणून काढलेली ही पळवाट. अशी नऊ वर्षं गेली.

तिथले साहेब डॉ. मनमोहन धैर्यवान. गिरगावातलं जुनं घराणं. आजोबांच्या घोडागाडीबद्दल तासभर बोलतील, पण स्वतःच्या हातानं काच पुसतील तर शपथ. त्यांना पेशीत जनुक घालायचं होतं. पेशीचं कातडं सहजासहजी आत घेत नाही. म्हणून पाण्यात बारीक बुडबुडे सोडायचे आणि सोनोग्राफीत असतो तसला, कानाला ऐकू न येणारा आवाज त्यावर मारायचा. बुडबुडे फुटतात, कातड्याला क्षणभर भोक पडतं, जनुक आत शिरतं, भोक बुजतं. जनुकच असं निवडलेलं की ते शिरलेली पेशी दुसऱ्या दिवशी हिरवी चमकते. आवाज जास्त झाला तर भोक बुजत नाही आणि पेशी मरते. मेलेलीही मळकट हिरवी दिसते, म्हणून निळा रंग टाकून बघायचं. मेलेली तो पिते, जिवंत पीत नाही.

हे रंग टाकण्याचं काम खरं विद्यार्थ्यांचं. लहूची नजर बघून त्यांनी ते गुपचूप त्याच्या गळ्यात मारलं होतं. त्याच्या मोजणीत शंभरातल्या सात पेशी खऱ्या हिरव्या निघाल्या. डॉक्टरांच्या निघाल्या चव्वेचाळीस.

"साहेब, यातल्या सदतीस मेलेल्या हायेत."

"तू बाटल्या धू."

महिनाभर लहू घरी त्यांची टर उडवत होता. मढ्याच्या गालावर रंग दिसला तर बाळसं धरलंय म्हणेल हा माणूस, आणि म्हणे डॉक्टर!

मग दिल्लीची कमिटी यायची ठरली. प्रयोगशाळा ठेवायची की बंद करायची, ते तिच्या हातात होतं. डॉक्टरांनी लहूला आत बोलावलं, नऊ वर्षांत प्रथमच खुर्ची दिली, चहा मागवला. "तुझा कायमचा कागद टाइप करून ठेवलाय. परवा आकड्याबद्दल कुणी विचारलंच, तर..." वाक्य त्यांनी पुरं केलं नाही. अशी माणसं घाणेरडं वाक्य कधी पुरं करत नाहीत. लहू चहा प्यायला आणि मनातल्या मनात त्यांच्यावर थुंकला. खरं तेच सांगायचं, असं त्यानं घरी जाऊन शांतीला ऐकवलंसुद्धा.

कमिटीत तिघं होते. दोघांनी हिरवे फोटो बघून माना डोलावल्या. तिसऱ्या उर्मिलाबाई, पांढऱ्या केसांच्या, त्या डॉक्टरांना सोडून थेट बेसिनपाशी उभ्या असलेल्या लहूकडे आल्या.

"निळा रंग इथे कोण टाकतं?"

"मीच, बाई."

"मग खरं सांगा, यातल्या मेलेल्या किती होत्या?"

लहूनं फोटोकडे पाहिलं. सदतीसच्या सदतीस त्याला कापडातल्या भोकांसारख्या लख्ख दिसत होत्या.

"एखाद-दुसरी," तो म्हणाला.

बाईंनी ते लिहून घेतलं. हाताखालचा माणूस खोटं बोलत नाही, अशी त्यांची समजूत होती.

लहूच्या मागं पोलिसांची गाडी नव्हती. पोरी उपाशी नव्हत्या. त्या कधीच लग्न होऊन घोडपदेवला आपापल्या घरी सुखात होत्या. त्यानं एका कपभर चहावर आणि एका टाइप केलेल्या कागदावर सदतीस भोकं पास केली होती. उत्तमला निदान आठ महिने लागले होते.

संध्याकाळी कागद खिशात घालून तो जिना चढला. उत्तमच्या दाराशी सवयीनं घसा खाकरला, आणि तोंडात आलेलं त्यानं गिळलं. उत्तम स्टुलावर पाय टाकून पेपर वाचत होता.

"उत्तम, पाणी दे रे जरा."

उत्तमनं चष्म्यावरून पाहिलं. आत जाऊन तांब्या आणला. लहू उभ्या उभ्या घटाघटा प्यायला.

"मीबी गेलो रे आत," तो म्हणाला.

कुठं, ते उत्तमनं विचारलं नाही. त्यानं स्टूल पुढं सरकवलं आणि वरची धूळ पेपरनं झटकली.